जाड्या भाताचा दाणा

बाबांच्या पाकिटात, माझ्या लग्नातल्या फोटोच्या मागे, एक छोटी प्लॅस्टिकची पुडी असायची. तिच्यात सालीसकट भाताचे सात-आठ दाणे. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटायचं, कुठल्या तरी देवळातला प्रसाद असेल. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा ती पुडी पाहिली तेव्हा त्याने आदराने हात जोडले. बाबा हसले आणि म्हणाले, "देव नाय, क्लच हाय."

ती खरोखर क्लचसाठीच होती. मोटारसायकलच्या डाव्या मुठीपुढे क्लचची दांडी असते. ती दाबली की एका तारेने इंजिनातल्या प्लेटा सुटतात आणि गिअर बदलता येतो. पण ही तार अगदी ताणून बसवायची नसते. दांडी ओढायला लागलं की आधी ती जराशी मोकळी हलली पाहिजे, मग तार ताणली जावी. ही ढील जास्त झाली तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते, गिअरमधली उभी गाडी आपोआप पुढे सरकते. कमी झाली तर प्लेटा घसरतात आणि जळतात. पुस्तकांत ही ढील मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते म्हणे. बाबांनी पुस्तक कधी पाहिलं नाही. तार ताणेपर्यंत दांडी हलकेच ओढायची, दांडी आणि तिच्या बैठकीमध्ये जी फट पडते तिच्यात भाताचा एक दाणा सरकवायचा. दाणा गळून पडला तर ढील जास्त, दाण्याची साल तडकली तर कमी. "कोलमचा दाना घ्याचा नाय," ते बजावून सांगायचे, "तो बारीक असतो. जाड्या भाताचाच पायजे."

या दाण्यावर बाबांचा चाळीस वर्षं विश्वास होता. तो मी मोडला. लोक म्हणतात आजाराने बाबांचं सगळं नेलं, आणि मी मान डोलावते. पण हे एक आजाराने नेलेलं नाही.

आमचं घर वसई तालुक्यात, डोंगराकडच्या चांदीपला. घरामागे भाताची दोन खाचरं, पुढे ओटी, आणि ओटीवर कायम एखादी उघडी पडलेली मोटारसायकल. बाबा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात फिटर होते. सुटीच्या दिवशी जुन्या गाड्या दुरुस्त करायचे, आणि निवृत्त झाल्यावर रोजच. त्यांची स्वतःची गाडी माझ्या जन्माच्या आधीची, तीसुद्धा सेकंडहॅन्ड घेतलेली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, आणि तिची अस्सल केबल मिळायची बंद झाली त्यालाही जमाना लोटला. मग बाबा स्वतः केबल बनवायला लागले. आतली तार निवडायची, बाहेरचं वेटोळ्याचं आवरण कापायचं, तारेच्या टोकाचे पीळ उकलून त्यावर पितळी गोळी चढवायची, नवसागर लावून कथलाने झाळायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लांबी. आवरणाची लांबी वेगळी आणि आवरणाबाहेर उरणाऱ्या तारेची वेगळी. पहिली चुकली तर हॅन्डल वळवताना केबल ओढली जाते, दुसरी चुकली तर दाणा बसत नाही. बाबा हॅन्डल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून सुतळीने माप घ्यायचे. आणि माप घेताना कुणी बोललं की खेकसायचे.

मी एकुलती एक. आठ वर्षांची असल्यापासून बाबांना मदतीला मी लागायचे, कारण केबल बसवताना दोन माणसं लागतात. एकाने वर दांडी दाबायची, दुसऱ्याने खाली वाकून इंजिनाकडचा, तार ताणायचा-सोडायचा आटा फिरवायचा. दांडी दाबणारी मी. "जड हाय का हलका?" बाबा खालून विचारायचे, आणि मी सांगेन त्यावर ते आटा फिरवायचे. पुढे पुढे माझा हात इतका सरावला की तार कुठे घासते आहे, आवरण कुठे मुरगळलं आहे, हेसुद्धा मला दांडीवर कळायचं. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, की माझा डावा हात मी हिला दिला. मी डी.एड. केलं, निर्मळच्या बाजूला एका शाळेत लागले, लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी रविवारी स्कूटरवरून चांदीपला गेले की बाबा आधी चहा विचारायचे नाहीत. "बाय, जरा दाबून बग," एवढंच. मला रागही यायचा. आठवडाभर पन्नास पोरांपुढे घसा कोरडा करून माहेरी यावं, तर बापाला माझ्यापेक्षा माझा हात जास्त हवा.

बाबांच्या गिऱ्हाइकांत एक भुईगावचे काका होते. बाबांच्याच वयाचे, ख्रिस्ती, केळी-नारळाची वाडी असलेले. त्यांच्याकडे बाबांच्याच जातीची गाडी होती, त्याच काळातली. एवढ्याशा केबलसाठी ते समुद्राकाठून सगळा तालुका ओलांडून आमच्या डोंगराच्या बाजूला यायचे, सोबत केळ्यांची फणी घेऊन. वसईत पन्नास गॅरेजं आहेत, ती सोडून इथे कशाला येता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते लोक बसेल ती वायर लावतात. मिस्त्री लागेल ती लावतात." बाबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण नंतर आठवडाभर आईला तेच ऐकवत होते.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. मग उंबऱ्याला पाय अडखळायला लागला. विरारच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे सुया टोचून तपासण्या झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. बाबा जुन्या गाड्यांचे मिस्त्री आहेत हे मी बोलून गेले होते, तर मला समजावं म्हणून ते म्हणाले, "असं समजा, इंजिन चांगलं आहे, केबल जात चालली आहे." त्यांच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं. मी "थँक यू डॉक्टर" म्हणून बाहेर आले.

बाहेर बाकावर बाबा आणि आई बसले होते. बाबा म्हणाले, "काय म्हनला?" मी म्हणाले, "कंबरेत पायाची नस दबलीय. गोळ्या दिल्यात." हे मी आईला न विचारता बोलले होते, पण घरी गेल्यावर तिला सगळं सांगितलं तेव्हा तीही तेच म्हणाली. "त्यांना नको सांगूस. ऐकला का मानूस आदीच मरतो." आमच्याकडे आजाऱ्याला आजार सांगायची पद्धतच नाही. गावातल्या प्रत्येक घरात असं एखादं झाकलेलं दुखणं होऊन गेलेलं आहे. माझे आजोबा आतड्याच्या गाठीने गेले, शेवटपर्यंत त्यांना पित्त आहे असंच सांगितलं होतं, आणि ते बिचारे शेवटपर्यंत कोकम सरबत पीत राहिले. सगळ्या घराने मिळून खोटं बोलणं याला आम्ही माया म्हणतो. मीही म्हणत होते.

पायाचं बाबांनी मनावर घेतलं नाही. मागचा ब्रेक पायाने लागतो, तर म्हणाले, पुढचा हाय की हाताचा. गावातल्या गावात, शिवेच्या वडापर्यंत, ते हळू गाडी चालवत. आणि मग सात-आठ महिन्यांनी, शिमग्याच्या दिवसांत, त्यांच्या गाडीचा क्लच जड झाला.

म्हणजे त्यांना तो जड लागायला लागला. फोनवरच सांगितलं त्यांनी मला, "वायर गेली बग. लय जड झालीय, गिअर पन ओरडतो." मी सहज म्हणाले, जुनी झाली असेल, बदल. खरंच माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. दुखणं पायात होतं, आणि नस दबली, नस दबली असं घोकून घोकून मलाच ते थोडं खरं वाटायला लागलं होतं.

पहिली केबल मी वसईहून विकत आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, ऑल मॉडेल है, बिनधास्त लगाव." ती बाबांनी हातात धरली आणि तोंड वाकडं केलं. आवरण एवढं लांब की पुढच्या दिव्याजवळ तिचं कुबड आलं असतं. जिथे वाक जास्त तिथे तार घासणार, घासली की जड होणार. ती त्यांनी लावलीच नाही. मग दुसरी त्यांनी स्वतः बनवली.

ती बनवायला त्यांना दोन दिवस लागले. एरवी दुपारभराचं काम. तार निवडली ती बारीक बारीक एकोणीस पिळांची, कारण जाड सात पिळांची तार कडक असते आणि वाकताना हट्ट करते. आवरणाची कापलेली टोकं कानशीने घासून सपाट केली, आत तेल सोडून ती रात्रभर खुंटीला उभी टांगली. रविवारी मी गेले तेव्हा झाळायचं काम चालू होतं. कथील वितळलं होतं, तार उजव्या हातात होती आणि पितळी गोळी डाव्या हातातून पुन्हा पुन्हा निसटत होती. तीनदा ती खाली पडली. तिसऱ्यांदा मी ती उचलून त्यांच्या बोटांत ठेवली तेव्हा मला त्यांचा अंगठा दिसला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो तिथे नव्हता. खड्डा होता. मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, आणि तिने तो आधीच पाहिलेला होता.

केबल बसवली. बाबा खाली वाकले, मी वर दाबली, त्यांनी आटा फिरवला. मग उठून त्यांनी पाकीट काढलं, फटीत दाणा सरकवला. दाणा बसला. पडला नाही, तडकला नाही. मी इतक्या केबली पाहिल्यात, पण याहून चांगली बसलेली केबल पाहिलेली नाही. दांडी अशी यायची की जणू दुसऱ्या टोकाला काही बांधलेलंच नाही.

बाबांनी गाडी चालू केली आणि अंगणातून बाहेर काढली. विहिरीच्या वळणावर गिअर जोरात करकरला. परत आले ते दोन्ही पाय जमिनीवर टेकवत. खाली उतरून त्यांनी उजव्या हाताने दांडी दाबून पाहिली आणि मान हलवली. "उजवा हात हातोड्याचा, त्याला काय समजतंय," ते म्हणाले. "बाय, तू दाब. जड हाय ना?"

मी दाबली. दोन बोटांनीसुद्धा आली असती. आई दारातून माझ्याकडे बघत होती.

"हाय," मी म्हणाले. "जड हाय, बाबा."

शाळेत मी एक मराठी बोलते आणि घरी दुसरी. शाळेतल्या मराठीत मी मुख्याध्यापकांशी, पालकांशी, तपासणीला आलेल्या साहेबांशी पुष्कळ खोटं बोलले आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. घरच्या बोलीत बाबांशी, आणि तेही दांडीवर हात ठेवून, मी तोपर्यंत कधी खोटं बोलले नव्हते.

बाबा गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाना तर बसला व्हता." मी म्हणाले, तारेतच काहीतरी असेल. "तार मीच निवडली," ते म्हणाले. संध्याकाळी मी विरारला निघाले तेव्हा ते ओटीवर बसून तीच केबल सोडवत होते.

एकदा खोटं बोललं की ते पोसावं लागतं. त्यानंतर प्रत्येक रविवारी "बाय, दाब" आणि प्रत्येक रविवारी "जड हाय". आतून गुळगुळीत नळी असलेली केबल मी ऑनलाइन मागवली, तीही जड. नालासोपाऱ्याहून लांब दांडी आणली, तरी जड. बाबांनी केबलची वाट बदलली, टाकीखालून नेली, मग बाहेरून नेली. क्लचची स्प्रिंग ढिली केली. शेवटी त्यांनी असं केलं जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी आटा इतका ताणला की ढीलच उरली नाही. हात दांडी पुरती ओढत नव्हता, म्हणून त्यांनी तारच आधी ओढून ठेवली. फटीत दाणा जाईना. तरी त्यांनी तो दाबून घातला, आणि साल तडकून आतला तांदूळ दिसला. त्या दिवशी गाडी शिवेपर्यंत गेली आणि प्लेटा जळल्याचा वास घेऊन ढकलत परत आली.

खरं सांगायचं तर माझी सोय होत होती. बाबांनी गाडी चालवू नये असं मला वाटत होतं. पाय असा, हात असा, विरार फाट्यापर्यंत गेले आणि ट्रकखाली आले तर? चालवू नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. केबल खराब म्हटलं की गाडी आपोआप ओटीवर राहायची आणि माझं तोंडही चांगलं राहायचं. नवऱ्याला मी हे मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं. तो म्हणाला, "अगं, पण ते स्वतःला काय समजत असतील?" मी त्याच्यावर उखडले. माझा बाप, मला कळतं, म्हणाले. मला काहीही कळत नव्हतं.

ते काय समजत होते हे मला गणपतीनंतर कळलं. भुईगावचे काका केबल तुटली म्हणून टेम्पोत गाडी घालून आले. नेहमीसारखी केळ्यांची फणी. बाबा ओटीवर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर. काकांनी तुटलेली केबल पुढे केली. एरवी बाबा ती केबल घेऊन कुठे तुटली, का तुटली, यावर अर्धा तास बोलले असते. बाबांनी ती घेतलीच नाही.

"दुसऱ्याला दाखव," बाबा म्हणाले.

काकांना वाटलं, तब्येत बरी नाही म्हणून. ते म्हणाले, "घाई नाही मिस्त्री. बरं वाटलं की करा. गाडी ठेवून जातो."

"तब्येतीचा नाय," बाबा म्हणाले. तेव्हा जीभ थोडी जड यायला लागली होती, पण शब्द कळत होते. "मना आता वायर समजत नाय. सा महिने झाले, माज्याच गाडीची बसत नाय मना. दान्याचा माप चुकीचा असल. इतकी वर्सा चुकीचाच लावला असल मी लोकांना. तू चांगल्या मिस्त्रीकडं जा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. क्लच हलका आहे बाबा, पहिल्या दिवसापासून हलका आहे, तुझी केबल बरोबर आहे. मी म्हणाले, "काका, चहा ठेवू का?"

चहा न घेता काका गेले. केळी तेवढी ठेवून गेले. त्याच आठवड्यात बाबांनी आपल्या हातची ती दुसरी केबल, खुंटीला लावून ठेवलेली, आईला काढून द्यायला लावली, उजव्या हाताने पक्कड धरून तिचे दोन तुकडे केले आणि परसातल्या पडवळाच्या मांडवाला बांधायला दिले. म्हणाले, निदान तिथं तरी कामाला येईल. पाकिटातली पुडी त्यांनी काढून फळीवर टाकली. त्यांना आपण मरणार आहोत हे माहीत नव्हतं, ते आम्ही उत्तम लपवलं होतं. त्याऐवजी त्यांना एवढंच कळलं होतं की जी एक गोष्ट आयुष्यभर आपण चांगली करतो असं वाटलं, ती आपल्याला कधी येतच नव्हती. यातलं जास्त वाईट कुठलं, हे मला कुणी विचारलं तर मी आता सांगू शकते.

दिवाळीत शाळेला सुटी लागली आणि मी माहेरी राहायला गेले. तोवर डावा हात पूर्ण गेला होता, उजवाही जात होता. बोलणं फक्त आईला आणि मला समजायचं. एका सकाळी मी बाबांना पेज भरवत होते. समोर ओटीवर गाडी, तिच्यावर गोणपाट टाकलेलं. बाबा गोणपाटाकडे बघत होते, आणि ओठांतून सांडलेली पेज मी पुसत होते, आणि मला एकदम असह्य झालं. आई खळ्यावर होती. तिला न विचारता मी सुरुवातीचं खोटं बोलले होते, शेवटही न विचारताच केला.

मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव, नसा मरतात ते, औषध नाही ते. पायातून हातात आलं ते. "तुजा हात जात व्हता बाबा," मी म्हणाले. "वायर कदी जड नव्हती. मी खोटा बोलले." मी रडत होते. बाबा रडले नाहीत. मला वाटलं, आता विचारतील, किती दिवस आहेत. मी त्याचं उत्तर मनात जुळवत होते.

त्यांनी एकेक शब्द वेगळा काढत विचारलं, "मंग ती दुसरी... मी बनवलेली... बरोबर व्हती?"

"बरोबर व्हती बाबा."

"दाना?"

"बसला व्हता. दाना पन बरोबर व्हता."

त्यांनी डोळे मिटले. परसातला मांडव खाटेवरून दिसत नाही, पण मान त्यांनी त्या बाजूला वळवली. त्या केबलचे तुकडे अजून तिथे आहेत. पडवळ केव्हाच वाळून गेलं. थोड्या वेळाने ते पुन्हा काहीतरी म्हणाले. मला दोनदा वाकून ऐकावं लागलं. "भुईगाववाल्याला सांग." मग आणखी थोड्या वेळाने, "त्याची वायर मी सांगीन. तू बनव."

मी अंगणात जाऊन फोन लावला. काका आनंदाने बोलले, बाबांची चौकशी केली. मी केबलचं काढलं तसं त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "बाळा, गाडी दिली मी मागच्या महिन्यात. पुण्याचे कोणी घेऊन गेले. मिस्त्रीच म्हणाले ना, आता होणार नाही. मग ठेवून काय करायची, उगाच गंजली असती." त्यांची काहीच चूक नव्हती. मी म्हणाले, बरं झालं काका, आणि फोन ठेवला.

आत आले तेव्हा बाबा डोळे उघडे ठेवून दाराकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी होतं, कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. भुवया उंचावून त्यांनी मला विचारलं, काय म्हनला?

"येतो बोलले," मी म्हणाले. "गाडी घेऊन येतो बोलले, पंधरा दिवसांत."

खरं बोलून पुरता तास झाला नव्हता. आईला मी रात्री हे सांगितलं तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फळीवरची पुडी काढायला लावली. मी एकेक दाणा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. सगळ्यांना त्यांनी मानेने नाही म्हटलं. जुने सुकून बारीक झालेत, त्यांनी समजावलं, त्या दाण्यांनी माप घेतलं तर ढील कमी पडेल. नवं भात झोडून झालं होतं. त्यातले चांगले काढून ठेवा, माणूस आल्यावर शोधत बसायला नको.

आई सूप भरून भात घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसली. मी तिच्या समोर बसले आणि आम्ही दोघी जाड दाणे निवडायला लागलो.